साखरांब्याची कैरी : सोलणे, चिरणे, किसणे

साखरांबा, गुळांबा, मेथांबा, मुरांबा आणि छुंदा या सगळ्यांची सुरुवात एकाच कामाने होते. कैरी निवडायची, तिचा चीक काढायचा, ती सोलायची आणि चिरून किंवा किसून चुलीपर्यंत आणायची. पाककृतीच्या पुस्तकांत हा भाग ‘कैऱ्या सोलून किसून घ्याव्यात’ एवढ्यावर उरकलेला असतो. घरात मात्र सर्वांत जास्त वेळ यालाच लागतो आणि बरणीत वर्षभर काय राहणार तेही बरेचसे इथेच ठरते. पाक पातळ राहिला तर आटवता येतो, फार घट्ट झाला तर पाण्याचा हात लावून सैल करता येतो. पण सालीचा राहिलेला हिरवा थर, काळा पडलेला कीस किंवा पाडाला आलेली कैरी एकदा पाकात गेली की तिथून पुढे काही करता येत नाही.

इथे सांगितलेली रीत माळव्यातल्या बदनावरच्या मराठी घरांतली आहे. बदनावर हे धारच्या उत्तरेला, रतलामकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. अठराव्या शतकात पवार धारला स्थिरावले, त्याच घराण्याच्या दोन शाखांनी देवासला दोन गाद्या चालवल्या आणि बदनावर हा धार संस्थानाचा एक परगणा होता. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. संस्थानी काळात कारकुनी, वकिली, शाळा, देवळे आणि लष्करी चाकरीच्या निमित्ताने माळव्यात आलेली मराठी घरे पुढेही इथेच राहिली. त्यांच्या स्वयंपाकघरात कैरीचे तीन वळणांचे पदार्थ एकत्र आलेले दिसतात. साखरांबा, मेथांबा, आंब्याची डाळ आणि पन्हे ही मूळची मराठी पुंजी. बडीशेप, कलौंजी आणि गूळ घालून केलेली लौंजी आणि उन्हात वाळवलेले आमचूर हे माळव्याचे देणे. आणि उन्हाच्या तापावर मुरणारा छुंदा गुजरातेकडचा. कैरीचा भाव हिंदीत किंवा माळवीत ठरतो आणि पिशवी घरी येऊन विळी मांडली की पुढचे सगळे मराठीत चालते.

हंगाम लांब असला तरी साखरांब्याची कैरी मोजक्या दिवसांतच मिळते. चैत्रात जी कोवळी कैरी येते ती चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, डाळीला आणि पन्ह्याला. तिची कोय दुधाळ आणि मऊ असते, गर पातळ असतो, आंबटपणा तीव्र असला तरी अंगात भरीवपणा नसतो. साखरांब्यासाठी बाठ धरलेली कैरी लागते. सुरी आत शिरताना कठीण कवचाला अडली पाहिजे. अशी कैरी अक्षय्य तृतीयेनंतर, वैशाखात मिळू लागते. माळव्यात पाऊस साधारणपणे जूनच्या उत्तरार्धात स्थिरावतो, त्यामुळे साखरांबा, छुंदा आणि आमचूर हे सगळे त्याआधीच्या कोरड्या, रखरखीत आठवड्यांत उरकावे लागते.

निवड हाताने आणि नाकाने होते. चांगली कैरी वजनाला जड, दाबली तर न दबणारी आणि वासाला जवळजवळ निर्वास असते. देठाजवळ हुंगल्यावर आंब्याचा गोडसर वास आला तर ती पाडाला आली आहे असे समजावे. बाहेरून कितीही हिरवी दिसली तरी तिचा गर आतून पिवळसर झालेला असतो. असा गर शिजताना विरघळतो आणि कीस वेगळा राहत नाही. शंका असेल तर एक कैरी आडवी कापून पाहतात. गर पांढरा किंवा फिकट हिरवट हवा, आणि कापलेल्या कडेला दोरे लोंबता कामा नयेत. गावरान कैरीत दोरे असतातच, पण तिच्या आंबटपणाला तोड नाही. इंदूरच्या घाऊक बाजारातून येणारी वलसाडकडची राजापुरी मोठी, कमी दोऱ्यांची आणि किसायला सोपी असते. राजापुरीच्या किलोभर कैरीतून साधारणपणे पाऊण किलोच्या आसपास गर हाती येतो, गावरानातून अर्ध्या किलोच्या थोडा वर. तरीही जुन्या हातांच्या बायका दोन्ही मिसळून घेतात, आणि ते बरोबरच आहे. राजापुरीने भर येते, गावरानाने चव येते. शेजारच्या आलिराजपूर जिल्ह्यातल्या कट्ठीवाड्याची नूरजहाँ आकाराने या सगळ्यांना मागे टाकते, तिचे एकेक फळ दोन-तीन किलोंचे भरते आणि नगावर विकले जाते. पण ती पिकवून खाण्याची.

वाऱ्याने पडलेली कैरी स्वस्त मिळते. ती वाईट नसते, तिचे काम वेगळे असते. जमिनीवर आपटलेल्या जागी गर आतून चेपतो आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तपकिरी होतो. म्हणून पडीची कैरी त्याच दिवशी उकडून पन्ह्याला लावावी किंवा चेपलेला भाग काढून आमचुराला घ्यावी. वर्षभर टिकवायच्या पदार्थाला झाडावरून हाताने किंवा झेल्याने उतरवलेली, देठाचा तुकडा शाबूत असलेली कैरीच लागते.

देठाचा हा तुकडा चिकामुळे महत्त्वाचा आहे. आंबा हा काजू आणि बिब्ब्याच्या कुळातला वृक्ष आहे, आणि त्याच्या चिकातली दाहक द्रव्ये त्याच जातीची. देठ तुटताना तिथून चिकाची बारीक चिळकांडी उडते. कातडीवर ती लागली आणि तशीच राहिली तर आधी खाज सुटते, मग काळपट डाग पडतो. कच्ची कैरी झाडाखालीच दातांनी फोडणाऱ्या मुलांच्या ओठांच्या कडेला उन्हाळाभर जे फोड दिसतात ते याचेच. फळावर ओघळलेला चीकही सालीवर काळ्या रेघा पाडतो. त्यामुळे कैऱ्या घरी आणल्यावर प्रथम भरपूर पाण्यात तासाभर बुडवून ठेवतात. नंतर एकेक बाहेर काढून देठाकडची पातळ चकती कापतात आणि कैऱ्या त्या बाजूने खाली तोंड करून चाळणीत उभ्या करतात. थेंब-थेंब चीक निथळतो. पुन्हा एकदा धुऊन त्या कोरड्या फडक्याने पुसल्या की सोलायला तयार होतात. सोलणाऱ्या बाईने बोटांना आणि मनगटाला तेलाचा हात लावून घ्यावा, म्हणजे उरलासुरला चीक कातडीला धरत नाही. पुसण्याचा कंटाळा केला तर ओली कैरी हातातून सटकते, आणि विळीसमोर सटकलेली कैरी म्हणजे कापलेले बोट. कैरीचे आम्ल त्या जखमेत गेले की दिवसभर काम सुचत नाही.

सोलण्याची दोन साधने आहेत. जुन्या घरांत विळी, नव्या घरांत पिलर. विळीचे पाते स्थिर असते आणि कैरी दोन्ही हातांनी त्यावर फिरवायची असते. सवयीचा हात असेल तर सालीची लांब पट्टी एकसलग उतरते आणि तिची जाडी हवी तशी राखता येते. वाकड्यातिकड्या, लहान गावरान कैरीला विळीच बरी. मोठ्या, गुळगुळीत राजापुरीवर पिलर झपाझप चालतो. पिलर देठाकडून चोचीकडे ओढतात. पहिल्या ओढीत गडद हिरवी साल निघते आणि खाली फिकट हिरवा, घट्ट थर दिसतो. नवख्याला वाटते काम झाले. इथेच दुसरी ओढ घ्यायची असते. त्या ओढीनंतर पात्याचा आवाज बदलतो, खरखर कमी होते आणि पांढरट, किंचित ओलसर चकाकणारा गर लागतो. कैरी सगळ्या अंगाने अशी पांढरी दिसेपर्यंत सोलायची. चोचीच्या बाकात आणि देठाच्या खळीत पिलर पोचत नाही, तिथला हिरवा भाग सुरीच्या टोकाने काढावा लागतो.

हा दुसरा थर काढण्याची दोन कारणे आहेत. तो तुरट आणि चिवट असतो, शिजला तरी दाताखाली येतो. दुसरे कारण रंगाचे. हिरवा रंग ज्या हरितद्रव्याचा, त्याच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियम असते. आंबटात उकळल्यावर ते निघून जाते आणि हिरव्याचा शेवाळी तपकिरी होतो. साखरांब्याचा केशरी-सोनेरी रंग त्या मळकट छटेखाली झाकला जातो, मग केशर कितीही घातले तरी उपयोग नाही. लौंजी आणि लोणचे सालीसकट होते, कारण तिथे रंगाची अशी मागणी नसते.

सोलताना देठाच्या टोकाशी सालीची दोन बोटे रुंदीची पट्टी तशीच ठेवण्याची रीत आहे. सोललेली कैरी साबणासारखी निसटते, ती पट्टी पकडीला उपयोगी पडते. किसून होत आले की शेवटी ती काढायची. कैरी अखंडच किसतात, आधी फोडी करत नाहीत. आतला बाठ मुठीचे काम करतो आणि बोटे किसणीपासून दूर राहतात. किसणी जाड भोकांची हवी. बारीक किसणीचा कीस पाकात लगदा होतो. उभ्या धारेने किसले तर लांब तार मिळते, ती राजापुरीला शोभते. दोरे असलेली गावरान कैरी आडवी किसावी, म्हणजे दोरे आखूड तुटतात. बाठाच्या जवळ पोचले की हाताला लगेच कळते. कीस ओला न राहता केसाळ यायला लागतो. तिथे थांबायचे. बाठाला चिकटलेला तो गर पाण्यात उकळून पन्ह्याला घेता येतो.

हे काम एकटीने करण्याचे नाही. दहा किलो कैरी असेल तर एक जण धुऊन पुसते, दोघी सोलतात, एक जण किसते, आणि घरातली सर्वांत वडील बाई किसाची चिमूट तोंडात टाकून साखरेचे प्रमाण ठरवते. आजी, काकू, शेजारची मावशी अशा बसल्या की दुपार उलटते. यात सर्वांत कमी दिसणारे काम वडील बाईचे असते, पण बरणीची चव तिच्या जिभेवर ठरते. वाटीभर किसाला दीड ते दोन वाट्या साखर ही नेहमीची सीमा. त्यात नेमके कुठे थांबायचे हे त्या दिवशीच्या कैरीचा आंबटपणा सांगतो.

कैरी काळी पडण्याची दोन कारणे एकमेकांत मिसळली जातात, आणि त्यामुळे उपायही चुकतो. एक कारण हवेचे. कापलेल्या पेशींतले विकर तिथल्या फिनॉल-द्रव्यांशी हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने प्रक्रिया करते आणि तपकिरी रंग तयार होतो. सफरचंद, वांगे आणि बटाटा काळा पडतो तो असाच. मात्र तीव्र आंबटात हे विकर मंदावते, त्यामुळे कैरीचा कीस सफरचंदापेक्षा बराच जास्त वेळ पांढरा राहतो. दुसरे कारण लोखंडाचे. विळीचे किंवा सुरीचे पाते साध्या लोखंडाचे असेल तर कैरीतल्या तुरट द्रव्यांशी लोहाचा संयोग होऊन निळसर-काळा डाग उमटतो. कीस मिठाच्या पाण्यात टाकला तरी हा डाग जात नाही, पातेच बदलावे लागते. म्हणून लोखंडी विळी वापरायची तर दर चार-दोन कैऱ्यांनंतर पाते ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, आणि किसणी तरी स्टीलची असावी.

भांड्याचेही तेच. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात कैरीचा कीस अर्धा तास जरी राहिला तरी तो कळकतो. त्याला हिरवट झाक आणि धातूची चव येते, आणि तांब्याचे क्षार पोटात जाणे घातकही असते. पूर्वी कल्हईवाला उन्हाळ्याच्या तोंडाशी घरोघर बोलावला जाई तो याचसाठी. अॅल्युमिनियमचे भांडेही आंबटाला चालत नाही. स्टील किंवा चिनी माती बरी.

कीस तयार झाल्यावर साखर केव्हा घालायची, हा पुढचा प्रश्न. किसाच्या साखरांब्यात कीस आणि साखर एकत्र कालवून काही तास झाकून ठेवतात, सुटलेल्या पाण्यातच साखर विरघळते आणि मग मंद आचेवर शिजवतात. मुरांब्याच्या मोठ्या फोडींना हे चालत नाही. कच्च्या फोडीवर साखर पडली की ती आतले पाणी ओढून घेते, फोड आक्रसते आणि चामड्यासारखी होते. म्हणून फोडी आधी काट्याने टोचून, नुसत्या वाफेवर काचेसारख्या होईपर्यंत मऊ करून घ्याव्यात आणि मगच पाकात सोडाव्यात. कैरीच्या आम्लाचे आणखी एक उपकारक काम इथे होते. आंबटात शिजताना साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो, आणि त्या मिश्रणाचे सहसा खडे बनत नाहीत. कैरी कमी आंबट असेल तर काही महिन्यांत साखरांब्यात साखर धरते. अशा वेळी शिजतानाच लिंबाचा रस पिळला की प्रश्न सुटतो.

छुंद्याला चूल लागत नाही. कीस, साखर आणि मीठ स्टीलच्या किंवा चिनी मातीच्या पातेल्यात कालवून, तोंडाला पातळ फडके बांधून गच्चीवर ठेवतात, रोज संध्याकाळी खाली आणून ढवळतात. माळव्याचे वैशाखातले कोरडे ऊन यासाठी कोकणापेक्षा फार सोयीचे. आठ-दहा दिवसांत पाक एकतारी होतो. त्यानंतर तिखट आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड पडते.

सफरचंदाशी तुलना केली की कैरीच्या कामाचा स्वभाव आणखी स्पष्ट होतो. बदनावरच्या बाजारात येणारे काश्मीर-हिमाचलचे सफरचंद हे कापून खाण्याचे, गोड फळ. त्याचा मुरांबा करता येतो, पण आंबटपणा लिंबातून आणावा लागतो. इंग्लंडमध्ये मात्र केवळ शिजवण्यासाठीच लावलेली आंबट सफरचंदे आहेत. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध ब्रॅमली. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावी मेरी अॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ मध्ये बी लावले, त्यातून पहिले झाड उभे राहिले. ते झाड ज्या घराच्या आवारात होते ते घर १८४६ मध्ये मॅथ्यू ब्रॅमली या खाटकाने विकत घेतले आणि पुढे हेन्री मेरीवेदर या रोपवाटिकेच्या माणसाने त्याच्या परवानगीने, त्याचेच नाव देऊन कलमे केली. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. तिथे कैरी सहज मिळत नसे तेव्हा डाळीला, तक्कूला आणि साखरांब्याला ब्रॅमली किसून घेण्याची युक्ती निघाली, आणि ती चांगली युक्ती आहे. आंबटपणा जवळचा मिळतो, फक्त कैरीचा वास मिळत नाही.

हाताला मात्र ब्रॅमली सगळे उलटे शिकवते. ब्रॅमलीची साल होईल तितकी पातळ काढावी, कारण शिजताना घट्टपणा देणारे पेक्टिन सालीखालीच आणि गाभ्यात भरपूर असते. जेलीसाठी तर साल आणि गाभा फडक्यात बांधून त्याच भांड्यात उकळतात. फळाचे चार भाग करून आधी गाभा काढायचा, त्याभोवतीचा कडक पापुद्रा राहिला तर शिजूनही टोचतो. सोललेला भाग लगेच मीठ किंवा लिंबू घातलेल्या पाण्यात टाकायचा, नाहीतर पुढचे फळ सोलून होईपर्यंत तो तपकिरी झालेला असतो. आचेवर ब्रॅमली काही मिनिटांत कापसासारखे फुलून मोडते. कैरीच्या फोडीला साखर उशिरा घालायची ती मऊ पडावी म्हणून. इथे फोडी टिकवायच्या असतील तर साखर सुरुवातीलाच घालावी, जेणेकरून त्या आवळून धरल्या जातात.

कैरीच्या सालीतले काही वाया जायचे कारण नाही. जाड सोललेल्या साली पाण्यात उकळून ते पाणी पन्ह्याच्या गरात मिसळतात, चोथा गुरांना जातो. पडीच्या आणि वेड्यावाकड्या कैऱ्यांच्या सोललेल्या चकत्या आमचुराच्या खटाईसाठी गच्चीवर पातळ पसरतात. बदनावरकडे मे महिन्याची दुपार इतकी कोरडी असते की चार-पाच दिवसांत चकती वाकवली की मोडते. चकत्यांवर जुन्या धोतराचे पातळ कापड अंथरणे आवश्यक, कारण लूच्या गरम वाऱ्याबरोबर काळ्या मातीची बारीक धूळ उडत असते आणि ती एकदा ओल्या चकतीत बसली की निघत नाही. एखाद्या संध्याकाळी वळवाचा शिडकावा झाला तर चकत्या लगेच आत घ्याव्या लागतात. भिजून पुन्हा वाळलेली खटाई काळी होते आणि तिचा आंबटपणा मवाळ पडतो.

बरणी चिनी मातीची किंवा काचेची घेतात. ती धुऊन, दिवसभर उन्हात पालथी ठेवून पूर्ण कोरडी केलेली असावी. साखरांबा गार झाल्यावरच भरायचा. गरम भरला तर झाकणाखाली वाफ जमते, तिचे पाणी वरच्या थरात उतरते, तिथली साखर पातळ होते आणि बुरशीला वाट मिळते. तोंडावर दादरा बांधून बरणी अंधाऱ्या, कोरड्या फळीवर ठेवतात. पावसाळ्यात तो दादरा एक-दोनदा सोडून पाहावा. वर पाणी सुटलेले दिसले तर सगळा साखरांबा पुन्हा पातेल्यात काढून, एक कढ आणून, गार करून, धुऊन वाळवलेल्या बरणीत परत भरतात. वाढायला डाव लाकडी किंवा स्टीलचा, आणि कोरडाच.